वॉटर फ्लॉसर घेताय? पीएसआय नंतर बघा, आधी घरातलं पाणी बघा

चाकणला सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधले निम्मे लोक झोपलेले असतात आणि निम्मे मोबाईलमध्ये. रील सरकवता सरकवता मध्येच जाहिरात येते. पांढरं छोटंसं मशीन, पाण्याची बारीक धार, आणि दातांच्या फटीतून टणकन उडून बाहेर पडणारा मक्याचा दाणा. खाली लिहिलेलं असतं, ९९.९ टक्के प्लाक साफ, ऑफर आजच्या दिवसापुरती. इकडे कॅन्टीनमधल्या मटकीचं साल अजून दाढेत अडकलेलं असतं. अंगठा आपोआप खरेदीच्या बटणावर जातो.

हे मशीन म्हणजे वॉटर फ्लॉसर. दीड-दोन हजारांपासून पाच-सात हजारांपर्यंत मिळतं. कंत्राटी कामगाराच्या पगारात ही रक्कम किरकोळ नाही. म्हणून ते काय करतं, काय करत नाही आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याने घेताना काय बघावं, हे आधी समजून घेऊ.

या मशीनचा जन्म १९६२ चा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं गाव आहे. तिथले दंतवैद्य जेराल्ड मोयर आणि इंजिनिअर जॉन मॅटिंगली यांनी दातांच्या फटीत थांबून थांबून पाण्याची धार मारणारं यंत्र बनवलं. त्यातूनच पुढे वॉटरपिक हा ब्रँड उभा राहिला. आपल्याकडे एमआयडीसीची स्थापना झाली तीही १९६२ मध्येच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे मशीन समजवायला फार वेळ लागत नाही.

कारण पीएसआय म्हणजे काय हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. मशीन शॉपमध्ये ड्रिल मारून झालं की होलमधली चिप एअर गनने उडवतात. चिप उडते. तेलाचा चिकट थर मात्र नुसत्या हवेने पूर्ण जात नाही, आणि गंज चढला असेल तर एअर गन कितीही वेळ धरा, तो हलत नाही. दातांचंही असंच आहे. अडकलेला घास म्हणजे चिप, तो पाण्याच्या धारेने निघतो. प्लाक म्हणजे दातांवर रोज बसणारा जंतूंचा चिकट थर. तो धारेने काही प्रमाणात सुटतो, काही राहतो. हाच थर काही दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात बसून तो दगडासारखा होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. हा झाला गंज. कोणत्याही ब्रँडचा फ्लॉसर कीटण काढत नाही. त्यासाठी डॉक्टरकडे स्केलिंगच करावं लागतं.

मग ते ९९.९ टक्के कुठून आलं?

या आकड्यामागे २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या रुग्णाचे दात काढण्यात आले. त्या काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत तीन सेकंद धार मारली आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. जिथे धार बसली तिथला जवळजवळ सगळा थर गेला होता. अभ्यास करणाऱ्यांमध्ये मशीन बनवणाऱ्या कंपनीची माणसंही होती. आकडा खोटा नाही, पण तो हातात धरलेल्या दाताचा आहे. तोंडातला दात गालाच्या आत, जिभेच्या मागे, दुसऱ्या दाताला चिकटून असतो आणि धार मारणारा माणूस पहाटे साडेपाचला फर्स्ट शिफ्टची बस पकडायच्या घाईत असतो.

जिवंत माणसांवरच्या चाचण्यांचं चित्र जास्त साधं आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये दातांच्या फटी साफ करायच्या साधनांवरच्या ३५ चाचण्या पाहिल्या. नुसत्या ब्रशपेक्षा ब्रशच्या जोडीला दोरा किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश वापरला, तर हिरड्यांची सूज किंवा प्लाक कमी होऊ शकतो, आणि त्यातही बारीक ब्रश दोऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो, असं त्यात दिसलं. पाण्याच्या धारेने महिनाभरात हिरड्यांची सूज थोडी कमी दिसली, पण पुढच्या महिन्यांत तो फरक टिकला नाही. प्लाकमध्ये तर ठोस फरक आढळला नाही. एकूण पुरावाच कच्चा आहे, असंही कॉक्रेनने स्पष्ट म्हटलं. दुसऱ्या बाजूला, अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये वॉटरपिकच्या फ्लॉसरना आपली मान्यतेची मोहोर दिली. म्हणजे मशीन फसवं नाही. जाहिरातीत दिसतं तेवढं जादूचंही नाही.

तो बारीक ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसतो. मेडिकलमध्ये शे-दोनशे रुपयांत पाकीट मिळतं. दातांमध्ये फटी असतील तर आधी हा वापरून बघावा. फटीच नसतील, दात घट्ट चिकटून असतील, तर दोरा. या दोन्हींना चार्जर लागत नाही.

मशीन कोणी घ्यावं?

ज्यांच्या दातांना तारा लावल्यात त्यांनी. तारांमधून दोरा ओवणं म्हणजे रोजची शिवणकामाची परीक्षा असते. ब्रिज किंवा इम्प्लांट असेल तर, पण डॉक्टरला विचारून. हात कापत असल्यामुळे किंवा बोटं आखडल्यामुळे दोरा धरता न येणाऱ्या आजी-आजोबांनी. आणि ज्यांनी दोरा तीनदा विकत आणला आणि तीनदा ड्रॉवरमध्ये टाकून दिला त्यांनीही. रोज वापरलेलं बरं साधन हे न वापरलेल्या उत्तम साधनापेक्षा कधीही चांगलं. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा नुकतीच दाढ काढली असेल, तर मात्र डॉक्टरच्या परवानगीशिवाय धार मारू नये.

आता येतो पाण्याचा मुद्दा, ज्यावर एकही रील बोलत नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेचं मुख्य पाणी पवना धरणातून येतं. रावेतला नदीतून उचललं जातं, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी दिवसाआड झालं. त्यामुळे घरोघरी पाणी टाकीत साठतं, आणि नव्या सोसायट्यांमध्ये वर बोअर आणि टँकरची भर पडते. मोशीच्या पुढे चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीकडच्या खोल्यांमध्ये तर बोअर आणि टँकर रोजचेच. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. गिझरच्या कॉईलवर, बादलीच्या कडेवर, शॉवरच्या भोकांवर जो पांढरा थर चढतो, तोच थर फ्लॉसरच्या पंपात आणि नोझलमध्ये चढतो. नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं. शॉवरची चार भोकं बुजली तरी आंघोळ होते, इथे एकच भोक आहे. मग धार मंदावते, वाकडी होते, आणि मशीन कामातून गेलं असं वाटायला लागतं.

पाणी नुसतं जड असण्याचाच प्रश्न नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. राज्यात दोनशेहून अधिक रुग्ण झाले, त्यात पिंपरी-चिंचवडमधलेही होते. अनेक रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्न-पाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. फ्लॉसरमुळे कोणाला जीबीएस झाला असं अजिबात नाही. पण आपण टाकीतल्या पाण्याने चूळ भरतो तेव्हा निदान ते थुंकतो. फ्लॉसर तेच पाणी दाबाने, सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीच्या कडेला मारतो आणि थोडं पोटातही जातं. म्हणून नियम सोपा ठेवावा. जे पाणी प्यायला चालतं तेच टाकीत भरायचं. एका वेळेला फार तर अर्धा लिटर लागतं, तेवढं फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी परवडतं.

याच कारणासाठी मशीन निवडताना टाकी कशी उघडते ते आधी बघा. झाकण मोठं हवं, आत हात किंवा ब्रश जायला हवा, टाकी पूर्ण सुटी होत असेल तर उत्तम. वापरून झालं की उरलेलं पाणी ओतून टाकी उघडी वाळवायची. नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो, आणि दातांवरचा थर काढायला आणलेलं मशीन स्वतःच थर पाळायला लागतं. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ते मशीनमधून फिरवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. बोअरवाल्यांनी हे चुकवू नये. मिठाचं पाणी हिरड्यांना बरं म्हणून ते टाकीत भरायचा मोह होतो. गुळण्या ग्लासने कराव्यात, मीठ नोझलमध्ये अडकतं.

दुसरा प्रश्न जागेचा. टेबलावर ठेवायच्या मशीनची टाकी साधारण ६०० मिलीची असते, एका भरण्यात तोंड पूर्ण होतं, दाबही जास्त पायऱ्यांमध्ये बदलता येतो. पण त्याला बेसिनजवळ सॉकेट लागतं. चाकणमध्ये चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्यांकडे बेसिनच नसतं, मोरी असते. तिथे हातात धरायचं, चार्जिंगचं मशीनच चालतं. त्याची टाकी १५० ते ३०० मिलीची, साधारण मिनिटभरात संपते, मध्येच भरावी लागते. गुरुवारी वीज गेली तरी ते अडत नाही, हा आणखी एक फायदा. बाथरूममध्ये वापरायचं म्हणजे आयपीएक्स ७ लिहिलेलं असावं. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी आत पाणी जाऊ नये. अमेरिकेतल्या भावाने टेबलावरचं मशीन आणलं असेल तर लावण्याआधी त्याच्या तळाशी वाचा. तिकडची बरीच मशीन्स १२० व्होल्टची असतात, आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट लावली तर पहिल्याच दिवशी जळतील.

दाबाचा आकडा मोठा म्हणजे मशीन भारी, असं समजू नका. महत्त्वाचं हे की सर्वांत कमी दाब किती खाली जातो. हिरड्या सुजलेल्या असतील तर सुरुवात तिथूनच करायची असते. घरात किंवा खोलीत एकच मशीन चौघं वापरणार असाल तर टिप प्रत्येकाची वेगळी हवी. ही टिप दर तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते, म्हणून त्या ब्रँडची सुटी टिप मिळते का, केवढ्याला मिळते, हे मशीन घेण्याआधीच शोधा. स्वस्तातलं मशीन बऱ्याचदा इथेच महाग पडतं.

वापरायला सोपं आहे. बेसिनवर वाकायचं, टिप तोंडात घालून मगच बटण दाबायचं, ओठ अर्धे मिटायचे आणि पाणी आपोआप गळू द्यायचं. मागच्या दाढेपासून हिरडीच्या कडेने पुढे यायचं. पहिल्या दिवशी आरसा, शर्ट आणि भिंत भिजते, ते ठरलेलं आहे. ब्रश सुटत नाही, तो दोन वेळा करायचाच.

पहिले काही दिवस थोडं रक्त येऊ शकतं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर मशीन बदलू नका, डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर आणखी लवकर, कारण साखर आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात.

आणि एक गोष्ट, जी या पट्ट्यात टाळून चालणार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-चुना, मावा आणि मशेरी सुटलेली नाही. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून दाढेत पुडी धरणारे प्रत्येक लाईनवर असतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त उलट कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असतो आणि वरून सगळं ठीक वाटतं. सुपारीचं तर वेगळंच. ती वर्षानुवर्षं चघळली की गाल आतून ताठ होतात, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट सहन होत नाही. मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही. अशा माणसाला फ्लॉसरची बारीक टिप फार सोयीची वाटते. ब्रश जात नव्हता तिथे पाणी जातं, वास कमी होतो, बरं वाटतं. पण तोंड कमी उघडणं हे सबम्युकस फायब्रोसिसचं लक्षण असू शकतं आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. फ्लॉसर इथे फक्त वेळ काढतो, आणि हाच वेळ सर्वांत महागाचा असतो. तोंडात आपलीच तीन बोटं उभी जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, दोन आठवडे न भरणारी जखम असेल, तर ऑफर संपू द्या.

तपासणीसाठी लांब जावं लागत नाही. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे, त्याच भागात डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांमध्ये स्केलिंग सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतं, फक्त वेळ काढून जावं लागतं. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे, तिथे दातांच्या तपासणीची चौकशी करता येते. गुरुवारची सुट्टी असेल तर सकाळीच निघा, केसपेपरची रांग लवकर वाढते.