लांब पल्ल्याची धाव आणि मनातलं चित्र

रिओ ऑलिम्पिक, ऑगस्ट 2016. दहा हजार मीटरची फायनल, म्हणजे ट्रॅकच्या 25 फेऱ्या. साधारण दहाव्या फेरीत सोमालियात जन्मलेला ब्रिटनचा मो फराह दुसऱ्या धावपटूचा पाय लागून पडला. उठला, घाई न करता घोळक्यात परतला आणि सुवर्णपदक जिंकला. थोरल्या मुलीला पदकाचं वचन दिलं होतं, धावताना तिचाच विचार मनात होता, असं त्याने नंतर सांगितलं.

मनात असं चित्र उभं करणं, उर्दूत ज्याला तसव्वुर म्हणतात, हा नुसता भावनेचा मामला नाही. त्याचाही सराव लागतो. आपली पोरं चुकतात ती इथे. ती फक्त फिनिश लाइन, मेडल, टाळ्या बघतात. दम लागला की हे गोड चित्र टिकत नाही.

बघायचा असतो तो अवघड भाग. मुंबई मॅरेथॉनचंच घ्या. 42.195 किलोमीटरच्या शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. तोवर शरीरातली साठवलेली साखर संपत आलेली असते, मांड्या दगड झालेल्या, ऊन वर आलेलं. घरी डोळे मिटून तोच चढ बघा. पावलं लहान केली, खांदे सैल सोडले, नजर थोडीच पुढे. स्वतःचा व्हिडिओ बघतोय असं नको. आपल्याच डोळ्यांनी रस्ता दिसला पाहिजे, पायाखालचं डांबर जाणवलं पाहिजे. रोज पाच मिनिटं पुरे. मग चढ खरोखर समोर आला की तो अनोळखी वाटत नाही, काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं.

प्रत्यक्ष धावताना चित्र छोटं ठेवा. पुढच्या धावपटूच्या कमरेला दोरी आहे आणि ती आपल्याला ओढतेय, किंवा फक्त पुढचा विजेचा खांब. त्यापलीकडचं नको. मॉर्गन आणि पोलॉक यांनी 1977 मध्ये अमेरिकेतल्या मॅरेथॉनपटूंचा अभ्यास मांडला. अव्वल धावपटू बहुतेक वेळ आपल्या श्वासावर, पायांवर लक्ष ठेवत होते. मन दुसरीकडे रमवणारे बहुतांशी साधारण धावपटू होते. म्हणून चित्र असं हवं, जे शरीराकडे परत आणेल.

पोलीस भरतीच्या 1600 मीटरला कुणी लांब पल्ला म्हणणार नाही, पण त्यातल्या तिसऱ्या फेरीला हीच युक्ती चालते. मुलींच्या 800 मीटरलाही.

मात्र छातीत कळ आली, चक्कर आली, तर तसव्वुर बाजूला ठेवून तिथेच थांबा आणि कुणाला तरी हाक मारा.