भगंदर, क्षारसूत्र आणि वाराणसीचे विद्यापीठीय रुग्णालय

भगंदराचा रुग्ण आमच्याकडे येतो तो बहुधा एक-दोन शस्त्रकर्मे सोसूनच. अशा रुग्णास आम्ही सुचवितो त्या क्षारसूत्राचे आजचे स्वरूप बनारस हिंदू विद्यापीठात घडले, हे वैद्यबंधूंना विदित असेलच. सुश्रुताने नाडीव्रणात क्षारसूत्र सांगितले. चक्रदत्तात स्नुहीक्षीर व हरिद्रा यांनी भावित सूत्राचा उल्लेख आहे. मात्र लेप किती द्यावेत, याची गणना तेथे नाही. १९६० च्या दशकात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या शल्यतंत्र विभागात हे काम हाती घेतले.

आज सर्वमान्य असलेला क्रम असा : २० क्रमांकाच्या लिननच्या धाग्यावर केवळ स्नुहीक्षीराचे ११, क्षीर व अपामार्गक्षाराचे ७ आणि क्षीर व हरिद्राचूर्णाचे ३, असे एकूण २१ लेप. प्रत्येक लेप पूर्ण वाळल्यावरच पुढचा. औषधनिर्मात्यांनी येथे थोडे थांबावे. क्षार हवेतील ओलावा शोषतो. वेष्टन हवाबंद नसेल तर तीन आठवड्यांचे श्रम पावसाळ्यात पाण्यात जातात.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आणलेल्या सूत्राचा लेप बोटांना लागत होता, तरीही आम्ही ते एका एस.टी. चालकास बांधले. मार्ग कटेना, दर आठवड्यास आम्ही सूत्र बदलत राहिलो. दोन महिन्यांनी त्यांना अध्यापन रुग्णालयात पाठविले, तेव्हा एम.आर.आय.मध्ये मार्गास दुसरी शाखा दिसली. दोष सूत्राचा होताच, पण त्याहून अधिक आमच्या विलंबाचा होता.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बहुकेंद्रीय चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात क्षारसूत्राने व्रण भरण्यास ८ आठवडे, तर शस्त्रकर्मानंतर ४ आठवडे लागले. पुनरुद्भव मात्र अनुक्रमे ४ व ११ टक्के होता. रुग्णास हे दोन्ही आकडे सांगावेत. पहिला लपवून दुसराच सांगणारे आपल्यातही आहेत.

वाराणसीच्या सर सुंदरलाल रुग्णालयाचे वैशिष्ट्य आम्हांस वाटते ते असे की, शल्यतंत्र आणि आधुनिक शल्य, क्ष-किरण व विकृतिविज्ञान हे विभाग एकाच आयुर्विज्ञान संस्थेच्या छत्राखाली आहेत. भगंदरामागे क्षय आहे, क्रोनचा आंत्ररोग आहे की अर्बुद, हे केवळ एषणीने कळत नाही.

म्हणून एकाहून अधिक मुखे, पुनरुद्भव, वजन घटणे, दीर्घकाळ अतिसार किंवा सूत्र न कटणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास जवळच्या अध्यापन रुग्णालयात पाठवावे. सोबतच्या पत्रात प्रथम दिवसाची सूत्राची लांबी, पुढील प्रत्येक बदलाच्या वेळची लांबी व दिनांक लिहावेत. त्यावरून एक सेंटिमीटर मार्ग कटण्यास किती दिवस लागले, हे तेथील शल्यचिकित्सकास तत्काळ काढता येते.