काळ्या दगडाला न कळणारं
घरातल्या जुन्या वस्तूंची पारख कोण करतं, ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं. मुंबईत लिलावगृहं आहेत, पुण्यात पोथ्या दाखवायला भांडारकर संस्था आहे. तेलंगणातल्या मंचेरियलमध्ये काय आहे? कोळशाच्या खाणी, काझीपेट-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं स्टेशन आणि सराफाची दुकानं. इथला तज्ज्ञ म्हणजे सराफच.

त्याचं मुख्य हत्यार म्हणजे कसोटीचा काळा दगड. गुळगुळीत, तेलकट, तळहाताएवढा. दागिन्याची कड त्यावर ओढायची, शेजारी ठरलेल्या कसाच्या सुईची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकायचा. तांबं-चांदी विरघळते, सोनं राहतं. रेघ किती टिकली आणि सुईच्या रेघेशी कितपत जुळली, त्यावरून कस ठरतो. मुलाम्याची शंका आली तर कानशीने खोल खाच पाडून मग घासायचं. कॅरट मोजणारं क्ष-किरण यंत्र आकडा देतं खरं, पण तेही वरचा थरच वाचतं. जाड मुलामा त्यालाही चकवतो. गोठ किंवा पाटली पोकळ असली तर आतल्या लाखेचं वजन वजा होतं. भांडणं होतात ती बहुधा तिथेच.

मला मात्र गुंतवलं ते निजामाच्या रुपयाने. या भागातल्या कितीतरी घरांत चिंधीत बांधलेले हाली रुपये निघतात, कारण मंचेरियलसह सगळा आदिलाबाद मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि हाली सिक्का 1959 पर्यंत कायदेशीर होता. जुन्या हाली रुपयाचं वजन सुमारे 11.18 ग्रॅम, शुद्धता 81.8 टक्के, म्हणजे चांदी जवळपास 9.14 ग्रॅम. इंग्रजांच्या रुपयात ती 10.69 ग्रॅम. भागून पाहा, प्रमाण जवळजवळ सहास सात येतं, आणि सात हालींना सहा कलदार (म्हणजे इंग्रजी रुपये) हाच हिशेब चालायचा. टांकसाळीने बाजाराला फसवलं नव्हतं, आणि याची साक्ष अजून लोकांच्या ट्रंकांत पडून आहे, याचं मला फार कौतुक वाटलं.

पण नाण्यावर चारमिनार आहे आणि त्याच्या दारात एक अक्षर आहे. ‘मीम’ असेल तर नाणं निजाम महबूब अलींच्या काळातलं, ‘ऐन’ असेल तर त्यांच्यानंतरच्या उस्मान अलींचं. महबूब अली 1911 मध्ये वारले. दगडाला ही दोन्ही नाणी सारखीच.

पुतळ्यांच्या माळेचंही तेच. पुतळीचा नमुना व्हेनिसच्या सोन्याच्या मोहरेचा. मूळ मोहरेवर संतापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, आणि भोवती लॅटिन अक्षरं असतात; इथल्या नकलांत ती अक्षरं नुसत्या रेघोट्या होतात. सोनं दोन्हींत उत्तम असू शकतं, आणि कसोटी दोन्हींना एकच भाव देते. तो भाव सोन्याचा, वस्तूचा नव्हे. मग माळ मोडीत जाते, मूस तापते आणि प्रश्न कायमचा मिटतो. यात सराफाला दोष देता येत नाही. त्याला विचारलं होतं ‘किती कस?’, त्याने तेवढंच सांगितलं. जुन्या पैठणीची जर चांदीसाठी जाळतात तेव्हाही कुणी ‘कुठल्या काळची?’ असं विचारत नाही.

कायदाही लोकांना अर्धाच माहीत असतो. शंभर वर्षांवरचं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. घरात ठेवायला हरकत नाही, पण खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. शेतात पुरलेलं सापडलं तर 1878चा निखात निधी कायदा लागतो, आणि त्याची मर्यादा आजही दहा रुपये आहे! दहा रुपयांवरचं धन सापडलं की सरकारला कळवायचं. या भीतीपोटी माणसं वस्तू कुणाला दाखवतच नाहीत, गुपचूप वितळवतात.

तेव्हा पेटी उघडाल तर आधी वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ती वस्तू कुणाकडून आली हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. नाणी असतील तर घासून चकचकीत करू नका. हैदराबादला पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात निजामांची नाणी मांडलेली आहेत, ती पाहून या. सराफाकडे त्यानंतर जा.