बिबट्या, ब्रह्मचारी आणि १९३८

१९३८ साली दोन ठिकाणी दोन बोलपट तयार झाले. एक हॉलिवूडचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आणि दुसरा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’. एकीकडे हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शक, दुसरीकडे मास्टर विनायक. या दोघांनी एकमेकांचं काम पाहिलं असण्याचं काहीच कारण नव्हतं. तरीही दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की एकाच घरातली भावंडं भेटल्यासारखं वाटतं. दोन्हींचा नायक व्रतस्थ आहे, आणि दोन्हींत एक धीट, हसरी, हट्टी मुलगी त्याचं व्रत मोडून टाकते.

‘ब्रह्मचारी’चा औदुंबर हा साधा, सिनेमाचं वेड असलेला तरुण. देशभक्त जटाशंकरांचं ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान तो ऐकतो आणि पेटून उठतो. खोलीतली नट्यांची चित्रं फेकून देतो आणि देशसेवेसाठी संस्थेत दाखल होतो. तिथे त्याला किशोरी भेटते, आणि मग संयमाचे सगळे नियम एकेक करून ढासळू लागतात. कथा, संवाद आणि गीतं आचार्य अत्र्यांची, संगीत दादा चांदेकरांचं, कॅमेरा पांडुरंग नाईकांचा. औदुंबर स्वतः विनायकांनी केला आणि किशोरी झाल्या मीनाक्षी शिरोडकर. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. चित्रपट हिंदीतही झाला.

अत्रे पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर होते. मुलांपुढे उभं राहून उपदेश करणाऱ्यांची भाषा त्यांच्या रोजच्या कानावरची. व्याख्यान ऐकून आयुष्य बदलायला निघालेला मुलगा त्यांना आतून ठाऊक होता, म्हणूनच औदुंबर नुसतं हास्यास्पद पात्र होत नाही. त्याला ब्रह्मचर्य खरोखरच पाळायचं असतं. विनायकांनी तो केलाही तसाच, अगदी मनापासून. नायकाचा निश्चय खोटा असता तर तो मोडण्यात गंमत उरली नसती.

आता अमेरिकेकडे. ‘ब्रिंगिंग अप बेबी’तला डेव्हिड म्हणजे कॅरी ग्रँट. जीवाश्मांचा अभ्यासक. वर्षानुवर्षं तो एका महाकाय डायनासोरचा सांगाडा जुळवतोय, फक्त एक हाड मिळायचं बाकी आहे. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न आहे, तेही स्वतःच्या मदतनिसाशी. ती त्याला बजावते की लग्नाने कामात व्यत्यय येता कामा नये. मधुचंद्र नको, मुलंबाळं नकोत. हा सांगाडा हेच आपलं मूल! औदुंबराने तरी अविवाहित राहायचं ठरवलं होतं, डेव्हिड मात्र बोहल्यावर चढूनही ब्रह्मचारीच राहणार असतो.

आणि मग सुझन येते, म्हणजे कॅथरिन हेपबर्न. आधी ती त्याचा गोल्फचा चेंडू आपला म्हणून मारते, मग त्याची गाडी आपली समजून घेऊन निघते. तिच्या भावाने ब्राझीलहून बेबी नावाचा पाळीव बिबट्या पाठवलेला असतो. तो पोहोचवायला ती डेव्हिडला कनेक्टिकटला ओढून नेते. तिथे तिच्या मावशीचा कुत्रा डेव्हिडच्या हाती नुकतंच आलेलं ते अमोल हाड पळवून कुठेतरी पुरून टाकतो. सर्कशीतून आणखी एक बिबट्या सुटतो, आणि तो मुळीच पाळीव नसतो. शेवटी सगळी मंडळी पोलीस कोठडीत. मधल्या काळात कपडे गायब झाल्यामुळे डेव्हिडला सुझनचा पिसांचा झगा घालून दार उघडावं लागतं. पुढे ‘मोरूची मावशी’वर पोट धरून हसलेल्या मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग परका वाटणार नाही.

गावी, घिवलीला, आमच्या ओटीवर लॅपटॉप मांडून मी हा चित्रपट घरच्यांना दाखवला. आजीला इंग्रजी येत नाही. हॉटेलातल्या प्रसंगात सुझनच्या तलम पोशाखावर डेव्हिडचा पाय पडतो आणि मागची बाजू टरकन फाटते. तिला पत्ता नाही, ती आपली तावातावाने बोलतेय. तो आपली उंच हॅट तिच्या मागे धरून लाज झाकू पाहतो, आणि ती त्यालाच झापते. ‘अगं बाई, तो काय सांगतोय ते ऐक ना!’ आजी पडद्याला ओरडून म्हणाली. मग सुझनच्या लक्षात येतं, आणि तो तिच्या पाठीला चिकटून, तिच्या पावलावर पाऊल टाकत, तिला भरल्या हॉटेलातून बाहेर नेतो. आजीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. इतका नेमका रचलेला हास्यप्रसंग मी क्वचितच पाहिला आहे.

या जातीच्या चित्रपटांना स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात. फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने १९३४ साली त्यांची चलती सुरू केली. श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि फटकळ पत्रकार यांच्या त्या गोष्टीला पाच प्रमुख ऑस्कर मिळाली. आपल्याकडे तिच्यावरूनच राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि पुढे ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) आले. १९३४च्या मध्यापासूनच हॉलिवूडने नीतिनियमांची संहिता काटेकोर लागू केली. पडद्यावरचा शृंगार आखडला, आणि पटकथाकारांनी प्रेम भांडणात घातलं. नायक-नायिका एकमेकांना तोडून बोलतात, एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, आणि त्या झटापटीतच आपल्याला कळतं की हे दोघं आता वेगळे व्हायचे नाहीत. बाहेर महामंदीने लोक गांजले होते. तिकिटाच्या पैशात त्यांना श्रीमंतांची फजिती आणि दोन तास हसू मिळत होतं.

कोल्हापूरला ती संहिता लागू नव्हती. ब्रिटिश अमदानीतल्या सेन्सॉरची करडी नजर मुख्यतः राजकीय मजकुरावर असे. त्यामुळे ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात, पाण्यात गाणं म्हणताना दिसल्या आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. टीका झाली, गर्दीही झाली. आजवर चित्रपटाची आठवण निघाली की त्या पोशाखापाशीच थांबते, आणि हा मला मीनाक्षीबाईंवरचा अन्याय वाटतो. किशोरी नुसती दिसत नाही, ती पुढाकार घेते. आपल्याला कोण हवा हे तिला ठाऊक आहे, आणि ते ती लपवत नाही. १९३८च्या मराठी पडद्यावर अशी नायिका उभी राहिली, ही त्या पोशाखापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. सुझन आणि किशोरी यांचं खरं नातं इथे आहे.

दोघींच्या वाट्याला आलेलं फळ मात्र वेगळं. ‘ब्रह्मचारी’ चालला आणि मीनाक्षी शिरोडकरांचं नाव घराघरांत पोहोचलं. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ पडला. त्याच वर्षी थिएटरमालकांनी हेपबर्नला तिकीटबारीचं विष ठरवलं आणि तिने आरकेओ कंपनीशी असलेला करार पैसे मोजून सोडवून घेतला. हॉक्सनी पुढे म्हटलं की आपल्या चित्रपटातलं एकही माणूस शहाणं नव्हतं, ती चूक झाली. मला ते पटत नाही. कुत्र्यापासून कॉन्स्टेबलपर्यंत सगळेच तिरपागडे असल्यामुळे तर तो पुन्हा पुन्हा पाहता येतो. १९९० साली अमेरिकेने जतन करायच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याची नोंद केली.

विनायकांनी पुढे ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आणि चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आणणारा ‘लग्न पहावे करून’ (१९४०) दिला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. ऑगस्ट १९४७मध्ये, उण्यापुऱ्या एकेचाळिसाव्या वर्षी, विनायक गेले. मराठी विनोदी चित्रपटाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. या दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही चित्रपट मिळवून पाहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून पाहा. आधी ‘ब्रह्मचारी’, मग ‘ब्रिंगिंग अप बेबी’.