छोटी लाईन घरात मांडताना

वाचकहो, गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी गाडी आठवते ना? अवघे अडीच फुटांचे रूळ! आता ती सगळी वाट ब्रॉडगेज झाली. छोट्या लाईनचा संसार पोरांना दाखवायचा, तर नागपूरचं २००२ साली उघडलेलं मोतीबाग संग्रहालय गाठावं, नाहीतर घरीच मॉडेल करावं.

मॉडेलचं एक चालतं माप आहे १:८७. खऱ्यातले ८७ मिलिमीटर म्हणजे मॉडेलवर एक. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागून पाहा, सव्वाएकोणीस येतात. म्हणून मोठं डिझेल इंजिन त्या रुळांवर पाय आखडून उभं राहिल्यागत दिसतं. छोट्या लाईनचे ७६२ भागले की पावणेनऊ, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. इथं आपली छोटी गाडी बाजी मारते!

पुढचं काम हाताचं. प्लास्टिकचा कठडा एक मिलिमीटरचा असेल, तर खऱ्यात तो मनगटाहून जाड होतो. तो कापा, अर्ध्या मिलिमीटरची तार बसवा. मॅट वार्निशनं चकाकी मारा. छतावर धूर निघतो तिथं काजळी, चाकांजवळ तांबूस धूळ द्या. हात हलका ठेवा.

रंग, पट्टे आणि नंबर मात्र अंदाजानं नकोत. ओळखीत छोट्या लाईनवरचा निवृत्त ड्रायव्हर किंवा फिटर असेल, तर जुने फोटो घेऊन आधी त्याच्याकडे बसा. तार उद्याही मिळेल, पण ही माहिती सांगणारं माणूस दर वर्षी कमी होतंय.