पडद्यावरची कजाग सासू : सूर्यकांतम

तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या जुन्या घरात 'सूर्यकांतम' हे नाव उच्चारून पाहावे. बसलेली माणसे हसू लागतात आणि एखादी सून हळूच सासूकडे नजर टाकते. नाव खरे तर किती छान! सूर्यकांत म्हणजे ऊन पडताच तेजाळणारा मणी. पण तेलुगू मुलुखात मुलीला हे नाव ठेवायचे धाडस पुढे कोणी केले नाही, असे तिकडे सर्रास सांगतात. त्याला कारण झाली एक चरित्र अभिनेत्री. तिने चाळीसहून अधिक वर्षे पडद्यावर सुनांना इतके छळले की तिचे नाव हीच एक शिवी होऊन बसली.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाची तेलुगू बोलणारी घरे दाटीने आहेत. त्यांच्या शेजारात वाढलेल्या आम्हा मंडळींना हे नाव सिनेमा पाहण्याआधीच ठाऊक होते. नळावर कोणी हात नाचवत भांडू लागली की 'आली सूर्यकांतम!' असे ऐकू यायचे. तेलुगूत अशा बाईला 'गय्याळी' म्हणतात, म्हणजे आपली कजाग. सासूला म्हणतात 'अत्त'. गंमत अशी की आत्यालाही तोच शब्द. एकाच शब्दात माया आणि धाक दोन्ही.

सूर्यकांतम यांचा जन्म २८ ऑक्टोबर १९२४ चा, काकिनाडाजवळच्या एका खेड्यातला. आईबापांचे त्या चौदावे अपत्य होत्या असे सांगतात. नाचगाणे शिकल्या आणि सिनेमात काम मिळेल या आशेने मद्रासला आल्या. तेव्हा तेलुगू सिनेमा मद्रासमध्येच तयार होत असे. 'नारद नारदी' (१९४६) सारख्या चित्रपटांत छोटी कामे मिळाली. पण मनात होते नायिका व्हायचे, आणि 'सौदामिनी' या चित्रपटासाठी तशी निवडही झाली. तेवढ्यात मोटारीचा अपघात झाला, चेहऱ्याला इजा झाली आणि ती भूमिका दुसरीकडे गेली.

इथे आमच्या वाचकांना ललिता पवार आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका जोरदार थपडेने त्यांचा डोळा अधू झाला, नायिकेची कामे संपली आणि पुढे त्या हिंदी-मराठी पडद्यावरच्या खाष्ट सासू झाल्या. दोघींचे दुर्दैव सारखे आणि दोघींनी त्यातून काढलेली वाटही सारखी.

मग आला १९५० चा 'संसारम'. दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद. त्यात सूर्यकांतम यांना छळवादी सासूचे काम मिळाले. वय होते अवघे सव्वीस! ज्या वयात मुली स्वतः नव्या नवरीच्या रूपात पडद्यावर येतात, त्या वयात यांनी केसांत पांढरेपणा चढवला. चित्रपट खूप चालला आणि तेलुगू सिनेमाला त्याची सासू मिळाली. त्यानंतर सासू, सावत्र आई, जाऊ, चुलती असली भूमिका लिहिली जायची तीच त्यांना डोळ्यांसमोर ठेवून. अपवाद होते. 'मायाबझार' (१९५७) मध्ये त्या घटोत्कचाची आई हिडिंबा होत्या. पण लोकांनी लक्षात ठेवले ते घरातले भांडण.

त्यांचे काम पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी दुष्टपणा कधी राक्षसी केला नाही. त्या डावखुऱ्या होत्या, त्यामुळे बोलताना डावा हात हवेत फिरायचा. वाक्य तोडून टाकायची पद्धत, मान वेळावणे, पदर कमरेला खोचणे, सगळे आपल्याच गल्लीतल्या कुणा बाईचे वाटावे असे. सून दुखावली जाई, प्रेक्षक मात्र हसतही असे. 'तोडि कोडळ्ळु' म्हणजे जावा-जावा. शरच्चंद्रांच्या 'निष्कृति' या बंगाली कथेवर १९५७ मध्ये निघालेल्या या चित्रपटात एकत्र कुटुंबात फूट पाडणारी जाऊ त्यांनीच केली. एकत्र घरात राहिलेल्या कोणत्याही वाचक भगिनीला ती ओळखीची वाटेल. घर एका दिवसात मोडत नाही. रोज जेवणाच्या वेळी एकेक वाक्य टाकले जाते आणि मोडते.

आणि मग 'गुंडम्मा कथा' (७ जून १९६२). दिलीपकुमार यांचा 'राम और श्याम' ज्यांनी काढला त्याच बी. नागिरेड्डी यांचा, चक्रपाणी यांच्यासह काढलेला हा चित्रपट. मूळ कथा कन्नडमधली. नायक एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव. रामारावांचा हा शंभरावा चित्रपट, नागेश्वररावांचा नव्याण्णवावा. नायिका सावित्री आणि जमुना. इतके मोठे तारे असताना चित्रपटाला नाव दिले गेले ते सासूचे! शिवाय ही सासू तेव्हा ३७ वर्षांची होती. पडद्यावरचे दोन्ही जावई वयाने तिच्याहून मोठे होते.

गुंडम्मा पैसेवाली विधवा आहे. पोटची मुलगी सरोजा लाडात लोळते आणि सौतेली मुलगी लक्ष्मी घरात मोलकरणीसारखी राबते. रामारावांचा अंजी खरे तर जमीनदाराचा मुलगा, पण नोकर बनून त्या घरात शिरतो आणि लक्ष्मीशी लग्न करतो. अंजी लक्ष्मीबरोबर पीठ वाटायला बसतो आणि स्त्रियांच्या जागे होण्यावर गाणे म्हणतो तो प्रसंग आजही लोकांच्या तोंडी आहे. १९६२ मध्ये सर्वांत मोठा नायक वाटण करायला बसला, ही आमच्या मते साधी गोष्ट नव्हती.

पण चित्रपटाचे खरे बळ शेवटाकडे आहे. मुली सासरी जातात आणि घरात दुर्गम्मा नावाची एक बाई घुसते. छायादेवींनी ही भूमिका केली आहे. ती गुंडम्माच्या वरताण निघते. हळूहळू घराचा ताबा घेते आणि एके दिवशी गुंडम्मालाच खोलीत कोंडते. सगळ्या घराला ओरडून हलवणारी बाई दाराआड गप्प होते. तिला सोडवायला येते ती लक्ष्मीच. या भागात सूर्यकांतम यांचा चेहरा पाहावा. आवाज खाली आलेला, डावा हात आता हलत नाही. तिने केलेला जुलूम आपण विसरत नाही आणि तरीही तिची कीव येते. आमच्या दृष्टीने त्यांच्या सगळ्या कामाचे मोल या दहा-पंधरा मिनिटांत आहे. गुंडम्मा जन्मजात वाईट नव्हती. घरात तिला कोणी अडवणारे नव्हते, एवढेच.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. अशा चित्रपटांत भांडणाचे सारे खापर बाईच्या डोक्यावर फुटते. घरातला पुरुष बहुधा भोळा, नाहीतर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेला. ज्याने बोलायला हवे होते त्याच्या गप्प बसण्याबद्दल कथा त्याला जाब विचारत नाही. सूर्यकांतम यांच्यासारखी नटी हाताशी असल्यावर तर लेखकांना ते सोपेच झाले.

आणि ही कजाग बाई पडद्याबाहेर कशी होती? सोबतच्या कलावंतांनी एकच गोष्ट परत परत सांगितली आहे : चित्रीकरणाला येताना घरून डबे भरून आणायच्या आणि सगळ्यांना खाऊ घालायच्या. मुंबईहून एकदा नायिकेच्या कामासाठी बोलावणे आले होते. आधी ठरलेल्या दुसऱ्या नटीला काढून ते काम आपल्याला दिले जात आहे, हे कळताच त्यांनी नकार दिला, असे सांगतात. नायिका होण्यासाठीच मद्रासला आलेल्या बाईने हे करावे! हा प्रसंग वाचल्यावर आम्ही बराच वेळ थांबलो.

एका सहकलाकाराने त्यांना गमतीने म्हटले होते म्हणे, की तुम्ही तेलुगू भाषेवर अन्याय केला, एक चांगले नाव वापरातून घालवले. नटीसाठी याहून मोठी दाद नसेल. पण बाईमाणसाने आपले नाव असे हरवून बसणे, त्याचे काय? आम्ही वर्गात हजेरी घेतो तेव्हा नावाला मुले किती जपतात हे रोज पाहतो. चिडवून नाव बिघडवले की सहावीतले मूलही रडवेले होते.

तिरुपतीच्या श्री पद्मावती महिला विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९९४ पर्यंत त्या काम करत राहिल्या आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.

'गुंडम्मा कथा' नव्याने काढायची चर्चा तेलुगू सिनेसृष्टीत अनेकदा झाली. रामाराव आणि नागेश्वरराव यांची मुले, नातवंडे सिनेमात आहेत, तेव्हा नायकांची अडचण नव्हती. पण दर वेळी बोलणे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले : गुंडम्मा कोण करणार?