काजूच्या कारखान्यातली मोजणी

लीन उत्पादनपद्धती म्हणजे ज्याने मालाची किंमत वाढत नाही ते काम, ती हालचाल आणि तो खोळंबा शोधून कमी करणे. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी अशा नासाडीचे सात प्रकार मांडले. मोजल्याशिवाय ती दिसत नाही, हे वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी पट्ट्यातल्या काजूप्रक्रियेत स्पष्ट होते.

इथे बी वाळवतात, वाफवतात आणि फोडतात. मग गर सुकवून साल काढतात, प्रतवारी करतात. पहिले माप उताऱ्याचे. 100 किलो बीतून 25 किलो गर निघाला, तर उतारा 25 टक्के. तो जातीवरही ठरतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या ‘वेंगुर्ला-7’ या जातीत गराचे प्रमाण सुमारे 30 टक्के असते. म्हणून तुलना एकाच जातीच्या, सारख्या वाळलेल्या बीची करावी.

दुसरे माप अख्ख्या गराचे, कारण पाकळी आणि तुकड्याला भाव कमी. ‘डब्ल्यू-320’ प्रतीत पौंडाला, म्हणजे 454 ग्रॅमना, 300 ते 320 अख्खे गर बसतात. ‘डब्ल्यू-240’मध्ये 220 ते 240. गर जितका मोठा, तितका दर जास्त.

मात्र शेवटी एकदाच मोजून भागत नाही. फोडताना 90 टक्के गर अख्खे राहिले आणि साल काढताना त्यातले पुन्हा 90 टक्के, तर हाती 81 टक्केच उरतात. प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळी असली, तरच गळती कुठे आहे ते कळते.

यंत्राचा हिशेब तीन आकड्यांच्या गुणाकाराने करतात. पाळीच्या 480 मिनिटांत यंत्र 384 मिनिटे चालले (80 टक्के), वेग ठरल्याच्या 90 टक्के होता आणि 90 टक्के माल चांगला निघाला, तर एकूण कार्यक्षमता सुमारे 65 टक्के. वेग वाढवताना तूट, म्हणजे गर तुटण्याचे प्रमाण, तितकीच वाढली, तर हा आकडा सुधारत नाही.

वेळ मोजताना सुकवण्याचे तास नासाडीत धरायचे नाहीत. ते आवश्यकच आहेत. सुकलेला गर पुढच्या टप्प्यासाठी पडून राहतो, ती खरी नासाडी.

ही पद्धत राबवायला मदतही मिळते. मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी सुधारित लीन योजना सुरू केली. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाचा 90 टक्के खर्च त्यात सरकार उचलते.

आकड्यांचा उपयोग कारण शोधण्यासाठी होतो. फोडताना तूट वाढली, तर बी नीट वाफवली का, आकारानुसार वेगळी केली का, हे तपासावे. साल काढताना वाढली, तर गर जास्त सुकून ठिसूळ झालेला असू शकतो. कारण दूर केल्यावर पुन्हा मोजले आणि तूट घटली, तरच ती सुधारणा खरी.